तीन नंबरची हेअरपिन

वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे सेल्समध्ये एखादं प्रोटीन किती आहे ते काळ्या पट्टीने दाखवणाऱ्या चाचणीत, एखादी पट्टी गायब झालेली बघण्यात जो आनंद आहे ना, तो लॅबबाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. बाकीचे लोक काहीतरी दिसलं की खूश होतात, आम्ही दिसायचं बंद झालं की. त्या दिवशी स्क्रीनवर पाच लेन होत्या, पहिल्या दोन लेनमध्ये ठसठशीत काळी पट्टी, मग दोन फिकट, आणि पाचवी कोरी. खाली ॲक्टिन या सगळ्याच सेल्समध्ये असणाऱ्या प्रोटीनच्या पट्ट्या पाचही लेनमध्ये एकसारख्या, म्हणजे प्रोटीन लोड करताना मी काही घोळ घातलेला नव्हता, माझं प्रोटीन खरंच गेलं होतं. प्रिंटवर त्या कोऱ्या लेनच्या डोक्यावर मी पेनाने ३ लिहून त्याला दोनदा गोल केला. पुढचे आठ-नऊ महिने त्या तीनाने मला जे काय नाचवलं त्याबद्दल लिहायचं किती दिवस टाळत होते, आज लिहूनच टाकते.

परवा आत्याने फोनवर विचारलं, अगं तू तिथे नक्की करतेस तरी काय. मी म्हटलं, एचआयव्हीपासून बनवलेला व्हायरस वापरून माणसाच्या सेल्समधले जीन गप्प करते. त्यावर आत्याच गप्प झाली. मग जरा वेळाने, "आणि तुलाच लागला म्हणजे गं?" प्रश्न अगदी रास्त आहे, त्याच्याकडे येतेच, पण आधी हे गप्प करणं म्हणजे काय ते.

यात डीएनएला कोणी हात लावत नाही, निदान गप्प करायच्या जीनच्या डीएनएला तरी नाही. जीन जागेवर असतो, त्याच्यावरून मेसेंजर आरएनए निघत असतो, फक्त तो मेसेज प्रोटीन बनवणाऱ्यांच्या हातात पडायच्या आत वाटेत गाठून फाडायचा. पत्र लिहिणारा इमानेइतबारे लिहितोय आणि टपाल मधल्या मध्ये टराटरा फाडलं जातंय, असा प्रकार. आणि यातली गंमत अशी की फाडणारं यंत्र आपल्याला न्यावं लागत नाही, ते सेलकडे स्वतःचंच असतं, आपण फक्त कुठलं पत्र फाडायचं त्याचा पत्ता पुरवतो.

हे यंत्र सापडलं तेही असंच, दुसरंच काहीतरी करायला जाऊन. १९९० च्या सुमारास नापोली आणि जॉर्गेनसन वगैरे मंडळी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अजून गडद करायला गेली, रंग बनवणाऱ्या जीनची जास्तीची कॉपी झाडात घातली, तर फुलं पांढरी! काही पूर्ण पांढरी, काही पट्ट्यापट्ट्यांची. बाहेरून आणलेला जीन तर बोलत नव्हताच, झाडाचा स्वतःचा होता तोही गप्प. असं का होतं ते १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एवढ्याशा सूत्रकृमीत दाखवलं, की दुहेरी धाग्याचा आरएनए आत गेला की त्याच अक्षरांचा मेसेज नष्ट होतो. आठच वर्षांत, २००६ ला, त्यांना नोबेल. पण माणसाच्या सेल्समध्ये लांब दुहेरी आरएनए टाकला की सेलला वाटतं व्हायरसच आला, इंटरफेरॉनची, म्हणजे व्हायरस आल्याची दवंडी पिटणाऱ्या प्रोटीनची, बोंबाबोंब सुरू होते आणि सगळंच काम ठप्प. त्यावर २००१ मध्ये टुशलच्या ग्रुपने तोडगा काढला, तुकडा २१ अक्षरांचाच ठेवायचा. एवढ्याशा तुकड्याला सेल घाबरत नाही आणि काम मात्र होतं.

मग व्हायरस कशाला हवा, सरळ २१ अक्षरांचा तुकडा टाका की? टाकतात ना, पुष्कळ लोक टाकतात, आणि तीन-चार दिवसांचा प्रयोग असेल तर तेच करावं असं माझंही मत आहे. पण सेल्स वाढत असतील तर तो तुकडा दर विभाजनाला अर्धा अर्धा होत पातळ होत जातो आणि आठवड्याभरात जीन परत बोलायला लागतो. शिवाय न्यूरॉनसारख्या सेल्स, किंवा थेट टिश्यूमधून काढलेल्या, त्या बाहेरचं काही आत घ्यायलाच तयार नसतात, कितीही रिएजंट ओता. व्हायरसचा मात्र जन्मच मुळी आत घुसण्यासाठी. आणि लेंटिव्हायरसची (एचआयव्ही याच कुळातला) खासियत अशी की सेल विभाजन करत नसली तरी तो न्यूक्लियसमध्ये शिरतो आणि आपला मजकूर सेलच्या डीएनएत कायमचा चिकटवतो. साध्या रेट्रोव्हायरसला त्यासाठी सेल दुभंगायची वाट बघावी लागते. वाहक म्हणून एडिनोव्हायरस पण आहे, एएव्ही नावाचा व्हायरस पण आहे, त्यांची आपापली कामं आहेत, पण मला महिनोन्महिने गप्प राहिलेले सेल्स हवे होते, तेव्हा लेंटि.

आता एचआयव्हीचं. १९९६ मध्ये नाल्दिनी, वर्मा, ट्रोनो वगैरेंनी एचआयव्हीपासून पहिला असा वाहक व्हायरस केला, त्यात मुख्य अक्कल ही की व्हायरसचे तुकडे करून वेगवेगळ्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यांवर, ठेवायचे. एचआयव्हीचे एकूण नऊ जीन. आमच्या पॅकेजिंग प्लास्मिडवर त्यातले चारच आहेत, गॅग, पोल, टॅट आणि रेव्ह, बाकीचे उपद्रवी काढून टाकलेले. एचआयव्हीचा स्वतःचा वरचा कोटही नाही, त्याच्या जागी गुरांना होणाऱ्या एका वेगळ्याच व्हायरसचं प्रोटीन, व्हीएसव्ही-जी, ते दुसऱ्या प्लास्मिडवर. आणि तिसऱ्या प्लास्मिडवर आपला मजकूर, आणि "मला डब्यात भरा" ही खूण फक्त त्याच्यावरच. म्हणजे तयार होणाऱ्या कणात भरलं जातं ते आपलं पत्र, ते छापणारा छापखाना मागेच राहतो. कण एकदा सेलमध्ये शिरला, मजकूर चिकटवला, संपलं, पुढचा कण बनवायला त्याच्याकडे काही नाही. त्यावर अजून एक कुलूप म्हणजे मजकुराच्या टोकाचा व्हायरसचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारं बटण, मुद्दाम असा तोडलेला असतो की डीएनएत चिकटल्यावर तो कायमचा मेलेला. यापुढच्या पिढीच्या सिस्टीममध्ये टॅटपण नाही आणि रेव्ह वेगळ्या प्लास्मिडवर, म्हणजे तिथे चार प्लास्मिड लागतात.

तर आत्या, लागला म्हणजे एचआयव्ही होत नाही. पण म्हणून तो पाण्यासारखा हाताळायचा असंही नाही, कारण तो माणसाच्या सेलमध्ये शिरतो आणि डीएनएत कुठेतरी जाऊन बसतो हे खरंच आहे, आणि आपण त्याच्यावर कुठल्या जीनविरुद्धचा मजकूर लिहिलाय त्यावरही असतं. कॅन्सर रोखून धरणारा जीन गप्प करणारा व्हायरस स्वतःच्या बोटात टोचून घ्यायची हौस कोणाला असेल? म्हणून लेव्हल दोनची लॅब, डबल ग्लोव्हज, हूडमध्ये काचेची वस्तू नाही, सुई तर नाहीच नाही, आणि व्हायरसला लागलेली प्रत्येक टिप आधी ब्लीचमध्ये. आमच्या इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिले दोन आठवडे कोणीतरी शेजारी बसून बघतं, मलाही बघितलेलं, तेव्हा फार राग आलेला, आता मीच बसते.

व्हायरस बनवायचा तो २९३टी सेल्समध्ये. हे २९३ म्हणजे १९७३ साली लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहमच्या वहीतला २९३ नंबरचा प्रयोग, मला हे फार आवडतं, जगभर वापरल्या जाणाऱ्या सेल्सचं नाव म्हणजे कोणाच्या तरी वहीतला आकडा. वाढतात भराभर, प्लास्मिड पटापट आत घेतात, पण डिशला धरून राहतील तर शपथ. मीडिया, म्हणजे सेल्स ज्यात वाढतात ते पातळ खाद्य, जरा जोरात सोडला की अख्खी चादर सुटून वर तरंगते आणि दोन दिवसांचं काम गेलं. मी पिपेटची टिप डिशच्या भिंतीला टेकवून थेंब थेंब सोडते, श्वास रोखून. तीन प्लास्मिड टाकल्यावर दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघायचं, व्हीएसव्ही-जी नीट बनायला लागलं असेल तर शेजारशेजारच्या सेल्स एकमेकांत विरघळून मोठ्ठे थर झालेले दिसतात, एका पिशवीत दहा-बारा न्यूक्लियस. दिसायला घाणेरडं पण शकुन चांगला. ४८ तासांनी वरचा मीडिया काढून घ्यायचा, ७२ ला परत एकदा, त्यातच व्हायरस असतो. गाळायचा तो ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, ०.२२ मधून नाही, तिथे बराच व्हायरस अडकून बसतो. मग छोट्या छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे ऐंशीला. छोट्याच का, तर एकदा वितळवून परत गोठवला की त्यातला चांगला हिस्सा मरतो. मी पहिल्यांदा सगळा एकाच मोठ्या ट्यूबमध्ये ठेवला होता. हो, कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मजकूर काय, तर हेअरपिन. जीनमधली २१ अक्षरं, मग सहा अक्षरांचं वळण, मग तीच २१ उलटी आणि जोडीदार अक्षरांत, शेवटी टी-टी-टी-टी-टी, म्हणजे इथे थांब. सेलमध्ये यावरून आरएनए बनला की तो स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा होतो, म्हणून हे नाव. न्यूक्लियसमधून त्याला एक्सपोर्टिन-५ बाहेर आणतं, डायसर वळण कापून टाकतो, उरलेल्या दोन धाग्यांपैकी एक आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनच्या हातात जातो, दुसरा कचऱ्यात. मग आर्गोनॉट तो पत्ता हातात धरून मेसेज शोधत फिरतो, सगळी अक्षरं जुळली की दहाव्या आणि अकराव्या अक्षराच्या समोर बरोबर कात्री.

कागदावर झकास. पण ही हेअरपिन प्लास्मिडमध्ये बसवणं म्हणजे वैताग आहे, प्लास्मिड वाढवायचं ते बॅक्टेरियांत, आणि त्यांना अशी स्वतःवर दुमडणारी अक्षरं सहन होत नाहीत, ते ती छाटून टाकतात. त्यासाठी वेगळा सोशिक बॅक्टेरिया वापरायचा, ३७ ऐवजी ३० डिग्रीला हळूहळू वाढवायचा, आणि सिक्वेन्सिंगला पाठवलं की रिपोर्टमधली शिखरं हेअरपिनच्या तोंडाशी येऊन धाडकन आडवी होतात कारण वाचणारं एन्झाइमसुद्धा तिथे अडखळतं. पहिल्यांदा मला वाटलं क्लोनच खराब आहे, चार चांगले क्लोन फेकून दिले मी. शेजारच्या सीनियरने रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, अगं हीच तर हेअरपिन असल्याची खूण आहे.

एका जीनसाठी पाच हेअरपिन घ्यायची पद्धत आहे, कारण कुठली चालेल ते आधी नक्की सांगता येत नाही. माझ्या पाचातल्या दोन आणि चार नंबर एकदम फुसक्या निघाल्या. एक नंबरने साधारण ८० टक्के मेसेज कमी केला, पाच नंबरने ७५ च्या आसपास, आणि तीन नंबरने ९० च्या वर. पहिल्या वेळी मी घाई करून दोन दिवसांतच प्रोटीन काढलं होतं तेव्हा ब्लॉटवर सगळ्यांची पट्टी जशीच्या तशी, रडायची बाकी होते, मेसेज गेला आणि प्रोटीन कसं काय शिल्लक? अहो, नवीन पत्र येणं थांबलं तरी आधीच बनून पडलेलं प्रोटीन आपल्या मरणाने मरेपर्यंत राहणारच ना, काही प्रोटीन तर दिवसेंदिवस टिकतात. पाचव्या दिवशी परत बघितलं तेव्हा ती वरची कोरी लेन.

मधल्या काळात प्युरोमायसिन, सेल्स मारणारं औषध. व्हायरसबरोबर प्युरोमायसिन पचवायचा जीनही जातो, त्यामुळे औषध टाकलं की ज्यांना व्हायरस मिळाला त्याच जगतात. शेजारी एक डिश बिनव्हायरसची ठेवायची, ती तीन दिवसांत पूर्ण मेली पाहिजे, नाही मेली तर तुमचं सिलेक्शन झालंच नाही, पुढचं सगळं वाया. आणि व्हायरस किती टाकायचा त्याचाही हिशोब आहे, एका सेलमागे सरासरी एक कण असं म्हटलं म्हणून प्रत्येक सेलला एकेक मिळत नाही, पंगतीत वाढल्यासारखं नसतं ते, कोणाला दोन, कोणाला तीन, आणि ३७ टक्के सेल्स कोऱ्याच. सरासरी ०.३ ठेवली तर जेमतेम २६ टक्के सेल्सना मिळतो पण त्या मिळालेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त सेल्सकडे एकच कॉपी असते. मी हा हिशोब केला नव्हता. बदाबदा ओतला होता, जास्त व्हायरस म्हणजे जास्त गप्प, असं आपलं माझं गणित.

तर तीन नंबरच्या सेल्स. चौथ्या दिवसापासून त्या पसरट व्हायला लागल्या, वाढणं थांबलं, आठव्या दिवशी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली, डिश काठोकाठ भरलेली आणि तीन नंबरच्या डिशमध्ये बेटं बेटं. फोटो काय सुंदर आले म्हणून सांगू. लॅब मीटिंगमध्ये दाखवले तर सगळे खुर्चीत पुढे सरकले. म्हणजे हा जीन नसेल तर या सेल्स वाढूच शकत नाहीत, म्हणजे कॅन्सरच्या औषधासाठी नेम धरायला जागा, म्हणजे पेपर. आमचे सर फक्त एवढंच म्हणाले, "बाकीच्या दोन हेअरपिनचं काय?" मी तयारच होते, म्हटलं सर त्या कमजोर आहेत ना, २०-२५ टक्के प्रोटीन उरतं, तेवढ्यावर सेलचं भागत असेल. हे उत्तर चूक नाहीये बरं का, असं खरोखर होतं काही जीनच्या बाबतीत, आणि तीच तर पंचाईत, कारण पटण्यासारखं स्पष्टीकरण हाताशी असलं की माणूस तपासायचं पुढे ढकलतो. मी चार महिने ढकललं. तीन नंबर घेऊनच सगळे प्रयोग, सेल सायकल, मायग्रेशन, सगळं. प्रत्येक ग्राफ देखणा.

मग रेस्क्यू करायची वेळ आली. म्हणजे जीन गप्प केला आणि त्यामुळे सेल आजारी पडली असं म्हणताय ना, मग तोच जीन परत द्या आणि सेल बरी होते का दाखवा. फक्त परत देताना त्याची अक्षरं अशी बदलायची की प्रोटीन तेच बनेल पण हेअरपिनला पत्ता ओळखता येणार नाही. करायला दीडेक महिना गेला. ब्लॉटवर प्रोटीन परत आलं, छान जाड पट्टी, नेहमीपेक्षा जरा जास्तच. आणि डिशमध्ये सेल्स तशाच पसरट, तशाच बेटं बेटं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा डिश इन्क्युबेटरमध्ये परत ठेवली आणि जिन्यात जाऊन बसले.

त्यानंतर मी जे करायला हवं होतं ते केलं, खरं तर पहिल्या महिन्यात करायला हवं होतं ते. तीन नंबरचीच हेअरपिन घेतली पण मधली नऊ, दहा, अकरा ही तीन अक्षरं उलट केली. याला सी-९११ म्हणतात, २०१२ पासून माहीत असलेली युक्ती आहे. कात्री चालते ती याच जागी, त्यामुळे मधली अक्षरं जुळत नसली की आपला मेसेज काही कापला जात नाही, पण सुरुवातीची दोन ते आठ ही सात अक्षरं, ज्याला सीड म्हणतात, ती तशीच राहतात. आणि सगळी गोम त्या सीडमध्ये. मायक्रोआरएनए म्हणजे मेसेज दाबायला सेलने स्वतःच बनवलेले छोटे आरएनए. आर्गोनॉट आपल्या हेअरपिनला त्यांच्यासारखंच वागवतो, आणि मायक्रोआरएनएला पूर्ण २१ अक्षरं जुळायची गरजच नसते, सीडची सात जुळली तरी तो त्या मेसेजला दाबून धरतो. आता सात अक्षरांचा कुठलाही शब्द योगायोगाने साधारण दर १६,३८४ अक्षरांमागे एकदा येणारच, आणि माणसाच्या सगळ्या मेसेजच्या शेपट्या मिळून अक्षरं कोटींच्या घरात. म्हणजे माझी हेअरपिन एकाला गप्प करायला पाठवलेली, ती वाटेत भेटेल त्या शेकडो जणांच्या तोंडावर हात ठेवत फिरत होती. हे काही नवीन नाही, २००३ पासून छापून आलेलं आहे, मी ते वाचलंही होतं आणि जर्नल क्लबमध्ये समजावूनही सांगितलं होतं.

सी-९११ वाल्या सेल्समध्ये माझं प्रोटीन जागेवर होतं, पूर्ण. आणि सेल्स पसरट.

शेवटचा खिळा म्हणून क्रिस्परने, म्हणजे थेट डीएनए कापणाऱ्या कात्रीने, तो जीनच उडवला. सेल्स मजेत. वाढतायत, दुप्पट होतायत, काही म्हणजे काही फरक नाही. मग त्या जीन नसलेल्या सेल्समध्ये तीन नंबरचा व्हायरस टाकला, आणि चौथ्या दिवसापासून पसरट. जो माणूस खोलीतच नाही त्याला गप्प करताना खोली कोसळली, असं झालं ते. यापेक्षा स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कुठल्या प्रयोगाने दिलेलं नाही, आणि यापेक्षा नकोसंही.

मी एकटी नाही हे कळायला मला मेल्क नावाच्या जीनची केस कामी आली. कॅन्सरच्या सेल्सना मेल्क लागतोच लागतो असं बरीच वर्षं मानलं जात होतं, त्यात हेअरपिनने केलेले प्रयोगही होते, त्याच्याविरुद्धचं एक औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं होतं. २०१७ मध्ये शेल्टझरच्या ग्रुपने क्रिस्परने मेल्क उडवला तर सेल्स आरामात वाढल्या, आणि मेल्क नसलेल्या सेल्सनासुद्धा ते औषध तितकंच मारत होतं. ते वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग हायसं वाटल्याची लाज.

तीन नंबर एवढी जोरात का, त्याचाही विचार केला. सेलची यंत्रणा काही रिकामी बसलेली नसते, एक्सपोर्टिन-५ वरून सेलचे स्वतःचे शेकडो मायक्रोआरएनए बाहेर पडत असतात, त्यात आपण यू६ सारख्या तगड्या प्रमोटरवरून हेअरपिनांचा लोंढा सोडला की दाराशी कोंडी. २००६ मध्ये ग्रिम आणि के यांनी एएव्हीतून ४९ वेगवेगळ्या हेअरपिन उंदरांच्या लिव्हरमध्ये दिल्या, त्यातल्या ३६ मुळे लिव्हरला इजा झाली आणि २३ मुळे उंदीर मेले. कुठल्या जीनविरुद्ध हेअरपिन आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता, नुसती गर्दी. म्हणूनच मी आता एम्प्टी व्हेक्टर, म्हणजे हेअरपिन न घातलेला वाहक, हा कंट्रोल मानतच नाही, कोणी काहीही म्हणो. रिकाम्या व्हेक्टरमधून हेअरपिनच निघत नाही तर यंत्रणेवर ताण कसला येणार? कंट्रोल म्हणजे अशी हेअरपिन जी बनते, बाहेर येते, आर्गोनॉटला चिकटते, पण माणसात नसलेल्या कशाला तरी शोधत फिरते, काजव्याचं ल्युसिफरेज म्हणा किंवा जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रोटीन जीएफपी. आणि असे कंट्रोल दोन, एक नाही, कारण स्क्रॅम्बलला, म्हणजे अक्षरं उलटसुलट करून बनवलेल्या कंट्रोल हेअरपिनला, पण स्वतःचं सीड असतंच की.

यावरून कोणी म्हणेल मग ही भानगड सोडा, क्रिस्पर आहे ना. सोडणार नाही. जीन पूर्ण उडवला की सेल मरत असेल तर क्रिस्पर तुम्हाला मेलेल्या सेल्स देतो, अभ्यास कशाचा करणार, तिथे अर्धवट गप्प केलेलाच उपयोगी. औषधसुद्धा प्रोटीन शंभर टक्के बंद करत नाही, त्यामुळे औषध दिल्यावर काय होईल याचा अंदाज घ्यायला ७०-८० टक्के गप्प जास्त खरं. आणि डॉक्सीसायक्लिनवर चालणारी हेअरपिन असली तर आज गप्प, औषध काढलं की काही दिवसांत परत बोलका, तीच डिश, त्याच सेल्स. उडवलेला जीन असा परत येत नाही.

आत्याचा दुसरा प्रश्न होता, याने कोणी बरं होतं का. माझ्या प्रयोगाने तर नाही. पण २०२१ च्या सुरुवातीला बॉस्टनच्या मंडळींनी सिकल सेलच्या सहा पेशंटचे निकाल छापले, त्यांच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढून लेंटिव्हायरसने त्यात बीसीएल११ए या जीनविरुद्धची हेअरपिन घातली आणि परत दिल्या. हा जीन मोठेपणी गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतो, त्याला गप्प केलं की ते हिमोग्लोबिन परत बनायला लागतं, आणि तसं झालं. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी हेअरपिन नागडी नाही ठेवली, मायक्रोआरएनएच्या सांगाड्यात बसवली, आणि फक्त लाल पेशी बनवणाऱ्या सेल्समध्येच चालेल अशा प्रमोटरवर. म्हणजे आवाज कमी, जागा नेमकी. मी बदाबदा ओतत होते तेव्हा हे लोक थेंब मोजत होते.

आत्ता इन्क्युबेटरमध्ये २९३टी च्या सहा डिश आहेत, दोन कंट्रोल, एक नंबर, पाच नंबर, आणि एक-पाचच्या सी-९११ जोड्या, मायक्रोआरएनएच्या सांगाड्यातल्या. उद्या सकाळी सव्वादहाला ४८ तास होतील. तीन नंबरच्या व्हायरसच्या नऊ ट्यूब उणे ऐंशीत अजून पडून आहेत, झाकणावर लाल मार्करने फुली मारून ठेवलीये. गेल्या आठवड्यात नवीन आलेल्या मुलाने डब्यातली यादी बघून विचारलं, ताई यात सगळ्यात स्ट्राँग कुठली, ती वापरू का? मी त्याला आधी ब्लॉटचा फोटो दाखवला, मग डिशचे, मग जीन नसलेल्या सेल्सचे. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, पण फोटो भारी आलेत.

आलेत ना. तेच तर.